तेवीस आनंदाच्या बातम्या

कमी शब्दांत जास्त सांगणं ही एक कला आहे आणि ती माझ्याकडे आहे! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कोणी अजून सांगितलेलं नाही. लोक पानंच्या पानं भरतात, मी एका ओळीत आटोपतो. लग्न ठरल्यावर मी बायकोला जे पहिलं पत्र पाठवलं त्यात दोनच शब्द होते, 'मी तयार.' ती अजून म्हणते की ते पत्र नव्हतं, पोचपावती होती. असो. तिला लिखाणातलं कळत नाही. ती नर्स आहे.

मी एका संस्थेत माहिती अधिकारी आहे. संस्था म्हणजे टायर-पंक्चरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक पंखा, साहेब आणि मी. साहेब कायम दौऱ्यावर असतात, म्हणून खरं तर पंखा आणि मी. ज्या बायकांकडे वीतभर जमीन आहे, त्यांना बदलत्या हवामानात टिकेल अशी शेती शिकवायची आणि पिकलेल्यातले चार घास त्यांच्याही पोटात जातील असं बघायचं, हे आमचं काम. प्रकल्पाचं नाव पोषण बाग.

वस्तीच्या मागे आमच्या गटातल्या तेवीस बायकांचे तेवीस तुकडे आहेत. घेवडा, भोपळा, पालेभाज्या, रताळी आणि बांधावर कोंबड्या. पाण्याला मात्र उन्हावर चालणारा एकच पंप! त्यामुळे प्रत्येकीची पाळी ठरलेली. पूर्वी पाळी आली की पाणी सोडायचंच, माती ओली असो की कोरडी. आता पाऊस वेळीअवेळी येतो, विचारून येत नाही. म्हणून आम्ही मातीत एक कांडी खुपसली. कांडी ओल मोजते आणि पंप चालवणाऱ्या यंत्राला कळवते. ओल पुरेशी असली की यंत्र पाणी सोडत नाही, त्या बाईची त्या दिवसाची पाळी चुकते. चुकली म्हणजे चांगलंच! पाणी वाचलं, मुळं कुजायची वाचली, बाईची खेप वाचली. हे सगळं आम्ही बायकांना तीन वेळा समजावून सांगितलं होतं.

आता पाळी चुकली की बाईच्या फोनवर आपोआप मेसेज जायला हवा. तो कोणी लिहायचा? साहेब म्हणाले, "तुम्हीच! यंत्र फक्त सत्तर अक्षरं घेतं." मी हसलो. सत्तर अक्षरांत मी आत्मचरित्र लिहून दिलं असतं!

पण यंत्र फार कंजूष निघालं. काना वेगळा मोजतं, वेलांटी वेगळी मोजतं, दोन शब्दांमधली रिकामी जागासुद्धा मोजतं! माझा मजकूर अठ्ठ्याहत्तरवर गेला. मी तो तासभर न्याहाळला. 'काळजी नको' काढावं का? छे! तोच तर त्यातला जिव्हाळा. 'आनंदाची बातमी' काढावी? मग बाईला कळणार कसं की झालं ते चांगलं झालं? शेवटी लक्षात आलं की एक शब्द अगदीच फालतू आहे. 'पाण्याची.' अहो, शेतात पाळी आणखी कशाची असणार? उडवला! आणि जे उरलं ते असं:

'ताई, तुमची पाळी चुकली आहे. काळजी नको. आनंदाची बातमी! घरी सांगा. -पोषण'

एकोणसत्तर! एक अक्षर शिल्लक! मी बटण दाबलं, पंखा वाढवला आणि डोळे मिटून बसलो.

रविवारी दिवसभर पाऊस झाला. सोमवारी सकाळी सहा वाजता कांडीने मातीत ओलच ओल मोजली आणि यंत्राने तेवीसच्या तेवीस पाळ्या चुकवल्या.

पहिला फोन सात वाजता आला. मेसेज माझ्याच नंबरवरून जात होते, त्यामुळे फोनही मलाच. पलीकडे ट्रकची घरघर.

"पोषण का?"

"हो, बोला!"

"गटाच्या अध्यक्षबाई आहेत ना? त्यांचा नवरा बोलतोय. मला एक मेसेज आलाय."

"आला? वा! अभिनंदन!"

"अभिनंदन काय? हे खरं आहे का?"

"शंभर टक्के! आमचं यंत्र खोटं बोलत नाही."

"अहो पण मी सात महिने घरी गेलेलो नाही! ट्रकवर आहे मी!"

"सात महिने? मग तर दुप्पट आनंदाची गोष्ट! तुमच्या माघारी सगळं झालं. तुम्हाला काही करावंसुद्धा लागलं नाही!"

पलीकडे ट्रकला करकचून ब्रेक लागला. मग आवाज आला, "कोणी केलं?"

"सगळं आपोआप होतं हो! मी फक्त आठवड्यातून दोनदा जाऊन बघून येतो. काही अडलं तर मी आहेच."

"येतो मी," तो म्हणाला.

"या की! स्वतःच्या डोळ्यांनी बघा!"

किती उत्साही माणूस, मला वाटलं. बायकोच्या शेतीत एवढा रस घेणारा नवरा मी तरी पाहिला नव्हता.

दहा वाजता जिन्यात काठीचा आवाज आला. आमच्या गटातली बियाणेवाली आजी! वय सत्तरच्या पुढे, भोपळ्याचं बी राखण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. धापा टाकत ती आत आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच तिने काठी माझ्या टेबलावर आपटली.

"पाणी कुठंय?"

मी माठाकडे धावलो.

"ते नाही रे! मेसेजातलं पाणी कुठंय?"

"मेसेजातलं? ते... ते बसलं नाही, आजी. जागाच नव्हती."

"जागा नव्हती! मला कळतंय रे, मातीत ओल होती, पाणी सुटलं नाही. मला तीनदा शिकवलंय. पण माझा फोन असतो सुनेकडे! तिला कुठं शिकवलंय? तिने सकाळी मेसेज मोठ्यानं वाचला आणि हसता हसता हातातली भांडी पाडली. माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली! आता घरात मला विचारतात, आजी, आंबट काही खावंसं वाटतंय का?"

मी तो मेसेज पुन्हा वाचला. या वेळी आजीच्या सुनेच्या डोळ्यांनी. ताई, तुमची पाळी चुकली आहे. आनंदाची बातमी. घरी सांगा. मग मला ट्रक आठवला. सात महिने. सगळं आपोआप. मी आठवड्यातून दोनदा. माझ्या पायाखालची फरशी सरकली. खालच्या पंक्चरवाल्यापर्यंत गेलो असतो, पण आजीने हात धरून खुर्चीत बसवलं.

घाईघाईने गटाचे फॉर्म काढले. फॉर्मात 'मोबाईल नंबर' असा रकाना होता. कोणाचा, ते विचारलेलं नव्हतं. तेवीसपैकी एकोणीस जणींनी घरातला नंबर दिला होता. नवऱ्याचा, सासऱ्याचा, दिराचा. तो फॉर्मही मीच तयार केला होता. कमी शब्दांत!

तेवढ्यात आरोग्य केंद्रातून बायकोचा फोन.

"मला एक सांगा," ती म्हणाली. ती अशी सुरुवात करते तेव्हा मी आपोआप उभा राहतो. "माझ्या केंद्रात आत्ता अठरा बायका आल्यात. सगळ्या तुमच्या गटातल्या. प्रत्येकीबरोबर सासू, नाहीतर नवरा. बाकांवर जागा नाही, वजनकाट्यावर दोन सासवा बसल्यात. सगळे म्हणतात, पोषणचा मेसेज आला, नोंदणी करा. तुम्ही काय केलंत?"

मी सांगितलं. पलीकडे एवढी शांतता पसरली की मागून कोणीतरी विचारलेलं स्पष्ट ऐकू आलं, "नर्सबाई, डोहाळे कधीपासून लागतात?"

"अगं, मग त्यांना सांगून टाक ना, असं काही नाही म्हणून!"

"तपासायच्या पट्ट्या चारच होत्या. चौघींना तपासलं, नाहीये, ते त्यांच्या कानात सांगितलं. बाईची गोष्ट बाईलाच सांगायची असते, तिच्या घराण्याला नाही. बाकीच्यांना आठवड्याने बोलावलंय. आणि गंमत म्हणजे एकही बाई तोंड उघडत नाही! चौघींनी ऐकलं, मान डोलावली आणि बाहेर जाऊन सासूच्या हातचं दूध प्यायल्या!"

संध्याकाळी घरी आली तेव्हा ती हसतही होती आणि चिडलेलीही होती. हातपाय धुऊन बसली आणि म्हणाली, "धाकटी आठवते का?"

धाकटी म्हणजे गटातली सगळ्यात लहान बाई. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, घरातली धाकटी सून, म्हणून सगळ्यांचीच धाकटी. तिच्या अंगात रक्त साडेसात. बारा हवं. वर्षभर माझी बायको त्या घरी सांगतेय की हिला अंडी द्या, दूध द्या, गरम जेवायला द्या, नाहीतर एक दिवस शेतात पडेल. आणि वर्षभर त्या घरातून एकच उत्तर येतंय, "बघू."

"आज बघितलं!" बायको म्हणाली. "सासऱ्यांच्या फोनवर तुमचा मेसेज आला. आणि एकदा नाही, तोच मेसेज लागोपाठ दोनदा! त्यांनी दोनदा वाचला, दोन बोटं वर केली आणि घरभर ओरडत फिरले, जुळी! जुळी!"

"नेटवर्क कमी असलं की यंत्र अडखळतं," मी म्हणालो. "एकच मेसेज दोनदा जातो."

"जाऊ दे ना! सासू, ती थोरली, सकाळपासून चुलीपुढे उभी आहे. जुळ्यांसाठी म्हणून दोन अंडी, दोन पेले दूध. सकाळी दोन, संध्याकाळी दोन! त्या पोरीला मी आज पहिल्यांदा बसून जेवताना पाहिलं." "आता खरं कळलं की काय होईल सांगा! दूध तर बंद होईलच, वर सगळा राग तिच्यावर निघेल. आणि हे तुमच्या एका शब्दामुळे!"

"एका शब्दामुळे नाही," मी म्हणालो. "एका शब्दाच्या अभावामुळे."

ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने ती एरवी मुदत संपलेली औषधं बघते.

मंगळवारी सकाळी मी गटाची माफी मागायला गेलो. वाटेत साहेबांचा फोन आला. "अहो, एका दिवसात अठरा बायका आरोग्य केंद्रात? आपल्या इतिहासात असा प्रतिसाद नाही! काय केलंत काय?"

"मेसेज केला," मी म्हणालो.

"कमाल आहे तुमची!" साहेब म्हणाले आणि पुढच्या दौऱ्यावर गेले.

पंपाच्या शेडमध्ये बावीस बायका जमल्या होत्या. मी हात जोडले, चूक सांगितली आणि म्हणालो, "आत्ता लगेच खुलासा पाठवतो! स्पष्ट लिहितो, पाळी पाण्याची होती म्हणून!"

"खबरदार!" अध्यक्षबाई गरजल्या. अध्यक्षबाई उंचपुऱ्या, आवाज पंपापेक्षा मोठा. "कोणी सांगितलं खुलासा करायला?"

"पण घरोघरी गैरसमज..."

"असू दे की! भाऊ, दोन वर्षं तुम्ही आम्हाला शिकवताय, पिकवा आणि खा. पिकवलं. खाल्लं कोणी? आधी पुरुष, मग पोरं, मग पाहुणे, मग म्हातारे. आम्ही तळाशी जे चिकटलं असेल ते. या हिला तिच्या दिराने काल पहिल्यांदा विचारलं, वहिनी, तुम्ही जेवलात का!"

"माझ्या नवऱ्याने काल स्वतः हंडा उचलला," एक म्हणाली.

"माझ्याकडे कोंबडी राखायला दोघं बसलेत. अंडं घातलं की पळत आणून देतात!"

"मला कोणी काही दिलं नाही," बियाणेवाली आजी म्हणाली, "पण सुनेने चिंच आणून ठेवलीय. खातेय मी."

सगळ्या खळखळून हसल्या. धाकटी मात्र हसली नाही. तिला मोकळ्या हवेत चालायची परवानगी मिळाली होती, खुरपं उचलायची नाही. शेडच्या खांबाला टेकून ती उभी होती. बारीक आवाजात म्हणाली, "भाऊ, भाजी गरम असते हे मी विसरले होते."

तिने पदर सावरला.

"मला माहीतय हे खोटं आहे. कधीतरी कळणारच. पण आज मी अंथरुणातून उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली नाही. अजून थोडे दिवस, भाऊ. मग सांगा."

मी तिथल्या तिथे शब्द दिला, "मेलो तरी खुलासा करणार नाही!"

"आणि तुमचे मालक?" मी अध्यक्षबाईंना भीत भीत विचारलं. "ते निघालेत. रागात आहेत."

"येऊ दे! सात महिने बोलावतेय, वेळ नाही म्हणतो. एका मेसेजने निघाला ना? तुमचे उपकारच झाले."

दुपारी चार वाजता अध्यक्षबाईंच्या मालकांचा फोन आला. मागे घरघर, पुढे दातओठ. "उद्या सकाळी पोचतो. तुम्ही कुठं भेटाल?"

आता माझी अवस्था बघा! एकीकडे धाकटीला दिलेला शब्द, दुसरीकडे माल भरलेला ट्रक. खुलासा केला तर तिचं दूध जातं, नाही केला तर माझे दात. असा मेसेज हवा, की ज्यात पाण्याचं नावही नाही, गुपित घरोघरी शाबूत, आणि तरी ट्रकवाल्याला कळावं की त्याच्या बायकोचा यात काडीचा दोष नाही. बोला, आहे कोणाची टाप? मी डोकं लावलं आणि पाच मिनिटांत असा काही मजकूर उतरला की मीच मला शाबासकी दिली. यंत्रातून तेवीसच्या तेवीस घरी पाठवूनही टाकला. घरी जाऊन बायकोपुढे फोन धरला. म्हटलं, वाच!

'ताई, काळजी नको. झाली ती चूक आमची. जबाबदारी कार्यालयाची. -पोषण'

तिने वाचलं. मग खुर्ची शोधून बसली. मग पुन्हा वाचलं.

"झाली ती चूक आमची?"

"हो. म्हणजे तिची नाही!"

"तेवीस बायकांच्या बाबतीत?"

"हो, सगळ्यांना एकच..." आणि मी थांबलो.

"जबाबदारी कार्यालयाची," ती शांतपणे म्हणाली. "कार्यालयात पुरुष किती आहेत हो?"

साहेब दौऱ्यावर. उरलो पंखा आणि मी.

बुधवारी सकाळी आठ वाजता पंपाच्या शेडपुढे अख्खी वस्ती उभी होती. नवरे, दीर, सासरे. काहींच्या हातात काठ्या होत्या, काहींच्या हातात काही नव्हतं आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं. बायको केंद्रातली पिशवी घेऊन माझ्याबरोबर आली होती. "मलमपट्टीचं सामान घेतलंय," ती म्हणाली. माझी पाचावर धारण बसली.

इतक्यात धूळ उडवत ट्रक आला. त्यातून जो उतरला तो उतरतच राहिला, एवढा उंच! त्याने गर्दीवरून नजर फिरवली. "पोषण कोण?"

सगळ्या बोटांनी मला दाखवलं. माझ्या बायकोचंही एक बोट त्यात होतं.

"मीच!" मी म्हणालो. "पण ऐका! पाळी पाण्याची होती!"

"काय?"

"पाण्याची! पंपाची पाळी! रविवारी पाऊस पडला, मातीत ओल होती, म्हणून यंत्राने पाणी सोडलं नाही. पाळी चुकली ती पाण्याची! 'पाण्याची' हा शब्द मी कापला! आठ अक्षरं जास्त होत होती!"

शब्द तोंडातून गेला तसा माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. मेलो तरी सांगणार नाही म्हणालो होतो. मरायच्या कितीतरी आधीच सांगून बसलो! मी धाकटीकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

ट्रकवाल्याला पटेना. त्याला कांडीपाशी नेलं. त्याने ती मातीतून उपसली, कोरड्या फडक्याने पुसली, परत खुपसली. यंत्रावर आकडा खाली गेला, वर आला. त्याने तीनदा करून बघितलं. मग ट्रकवाला एकदम मऊ झाला आणि बायकोकडे वळून म्हणाला, "म्हणजे तसं काही..."

"तसं काही नाही!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि तुला तसं वाटलं, याचा हिशोब आपण घरी करू. आधी तो घेवडा तोड. सात महिन्यांची कामं पडलीत."

तो मुकाट्याने घेवड्यात शिरला. एवढा मोठा माणूस, पण वेलाआड दिसेनासा झाला. मंडळी हसू लागली, काठ्या खाली आल्या. मला वाटलं, सुटलो.

तेव्हा मागून एक आवाज आला. धाकटीचे सासरे पुढे आले. अजून दोन बोटं वर होती, बहुधा सोमवारपासून तशीच असावीत.

"म्हणजे आमची जुळी नाहीत?"

हसणं थांबलं. धाकटी खांबाआड सरकली. थोरली गर्दीतून वाट काढत आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. बारीक, वाळलेली बाई. मी तिला इतकी वर्षं धाकटीची सासू म्हणूनच ओळखत होतो.

"जुळी नाहीत," ती म्हणाली. "एकही नाही."

"मग दोन मेसेज कसे आले?"

"यंत्र अडखळतं!" मी मदतीला धावलो.

"काही अडखळत नाही," थोरली म्हणाली. "एक मेसेज हिचा, एक माझा. गटात मी पण आहे. विहिरीकडचा तुकडा माझा. घरात फोन एकच, म्हणून आम्ही दोघींनी तोच नंबर दिला."

मी मनात यादी आठवली. तेविसावं नाव! माझ्याच हाताने लिहिलेलं.

"म्हणजे तुला माहीत होतं?" सासरे म्हणाले. "पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून. मला तीनदा शिकवलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"वर्षभर बोलले ना! नर्सबाई पण बोलल्या. पोरीच्या अंगात रक्त नाही, तिला खायला घालू. तुम्ही म्हणायचात, बघू. मेसेज आला आणि तुम्ही पेला घेऊन स्वतः गोठ्यात गेलात. म्हटलं, जुळी तर जुळी!"

सासऱ्यांनी एक बोट खाली घेतलं. जरा विचार करून दुसरंही घेतलं. पण हिशोब काही जुळेना.

"पण प्रत्येक वेळी दोन अंडी, दोन पेले दूध... एकटी सून एवढं खात होती?"

थोरली पहिल्यांदाच थोडी अडखळली. मग मान वर करून म्हणाली, "एक ती खायची. दुसरा मेसेज माझा होता ना? मग दुसरं अंडं मी खाल्लं."

माझ्या बायकोने पिशवी उघडली. मलमपट्टी नाही, सुई आणि रक्त मोजायचं छोटं मीटर काढलं. थोरलीला पंपाच्या चौथऱ्यावर बसवलं, तिचं बोट टोचलं आणि आकडा नवऱ्यापुढे धरला. सात. सुनेपेक्षाही कमी.

सासऱ्यांनी तो आकडा दोनदा वाचला. मग घसा खाकरून माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही लिहिलंय ना, जबाबदारी कार्यालयाची? मग ही अंडी आता कार्यालय देणार का?"

मी तोंड उघडलं, पण थोरलीच बोलली. "कोंबड्या आपल्या, अंडी आपली. कार्यालय कशाला हवंय? आजपासून आधी आम्ही दोघी बसणार, मग तुम्ही."

"बघू," सासरे सवयीने म्हणाले. मग चौथऱ्याकडे, आकड्याकडे, भोवतीच्या तेवीस बायकांकडे एकदा नजर फिरवली. "नाही, म्हणजे, बसा. बसा तुम्ही."

धाकटी खांबाआडून बाहेर आली आणि सासूचं टोचलेलं बोट दाबून धरून उभी राहिली. माझ्यावर ती रागावली नव्हती. मला तेच जास्त लागलं.

गटाने तिथल्या तिथे ठराव केला की यापुढे मेसेज धाकटी लिहील. तिने लिहिलासुद्धा. 'ओल आहे. आज पाणी नको. तुम्ही जेवलात का?' अध्यक्षबाई म्हणाल्या, शेवटचं वाक्य काढायचं नाही, फोन कोणाच्याही हातात असो, वाचू दे त्याला! मला फक्त पाठवायचं बटण दाबायचं काम उरलंय, आणि तेही धाकटीला विचारून.

त्या दिवशी दुपारी घरी आलो तो डोकं भरूनच. बायकोने नेहमीप्रमाणे माझं ताट वाढलं, नेहमीप्रमाणे स्वतः ओट्याशी उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं. सतरा वर्षं संसार झाला, सगळ्या वस्तीचं रक्त तपासणारी बाई, आणि तिचं रक्त किती आहे ते मला माहीत नव्हतं! माझं मन भरून आलं. मी उठलो, ताट तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणालो, "आज तू आधी जेव. गरम आहे तोवर. मी मागून बसतो."

तिने माझ्याकडे बघितलं. ताटाकडे बघितलं. मग जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावला आणि काही न बोलता थर्मामीटर आणायला आत गेली.